अर्ध्या वाक्याचा पेशंट

"मॅडम, तुम्हीच सांगितलंत म्हणून बंद केली ना गोळी," तो माणूस म्हणाला.

मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. इमर्जन्सीच्या कॉटवर आडवा, चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम. वय सत्तरीच्या आसपास. शर्टावर कॉफीच्या चोथ्यासारखे डाग. हे डाग दिसले की आमच्या धंद्यात फारसं काही विचारावं लागत नाही. पोटात रक्तस्राव झाला, ते रक्त जठरातल्या ॲसिडमध्ये मुरलं आणि उलटीवाटे बाहेर पडलं, की असं काळपट, दाणेदार दिसतं.

"कुठली गोळी, काका?"

"ती गॅसची. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती."

"आणि मी कधी सांगितलं?"

तेवढ्यात सिस्टरने ब्लड प्रेशरचा आकडा सांगितला आणि आमचं बोलणं तिथेच तुटलं. आकडा चांगला नव्हता.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. घशातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून बघायचं, ज्याला एंडोस्कोपी म्हणतात, हे माझं रोजचं काम. राहायला डोंबिवलीत. त्या काळात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात नोकरीला होते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. सांगून काही फरक पडेल असंही नाही.

पेशंटचं नाव मधुकर साळवे. राहणार कल्याण पूर्व. अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. सोबत बायको सुलोचनाताई आणि मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा आमच्या हॉस्पिटलजवळच्याच एका आयटी कंपनीत कामाला, म्हणून वडिलांना कल्याणहून इथे आणलेलं. साळवेंना काही महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. आमच्याच हॉस्पिटलात स्टेंट बसवला होता. स्टेंट म्हणजे हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी. त्या जाळीत रक्त गोठू नये म्हणून दोन गोळ्या देतात. लोक त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात.

या गोळ्यांचा एक त्रास असतो. त्या हृदय सांभाळतात आणि पोटाला उघडं टाकतात. जठरात कुठे बारीक जखम झाली, तर तिथलं रक्तही लवकर थांबत नाही. म्हणून अशा पेशंटला सोबत ॲसिड कमी करणारी गोळी देतात. आपल्याकडे तिला सरसकट "गॅसची गोळी" म्हणतात. तिचा गॅसशी काही संबंध नाही. ती जठरातल्या ॲसिडच्या पंपाला कुलूप लावते. साळवेंच्या बाबतीत ती गोळी म्हणजे पोटाला घातलेलं हेल्मेट होतं. आणि त्यांनी ते काढून ठेवलं होतं.

रक्ताची बाटली लावली, ब्लड प्रेशर जरा वर आलं, तसं त्यांना एंडोस्कोपी रूममध्ये घेतलं. जठराच्या खालच्या टोकाला अल्सर होता. अल्सर म्हणजे अस्तराला पडलेला खड्डा. त्याच्या तळाशी एक रक्तवाहिनी उघडी पडली होती आणि ठिबकत होती. मी आतूनच इंजेक्शन दिलं. मग क्लिप लावायला घेतली. क्लिप म्हणजे कपड्याच्या चिमट्यासारखाच चिमटा, फक्त तांदळाच्या दाण्याएवढा. पहिली निसटली. दुसरी बसली. स्क्रीनवरचं ठिबकणं थांबलं. तरी मी थोडा वेळ नळी तशीच धरून बघत राहिले. या रक्ताचा भरवसा नसतो.

बाहेर येऊन हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला. आमची जुनी ओळख.

"तुझा साळवे माझ्याकडे आलाय. अल्सरमधून रक्त सुटलंय. तुझ्या दोन्ही गोळ्या थांबवू?"

"ॲस्पिरिन अजिबात थांबवू नकोस. स्टेंट अजून ताजा आहे. बंद पडला तर दुसरा अटॅक, आणि तो नाही झेपायचा त्याला."

"आणि चालू ठेवली आणि परत रक्त सुटलं तर?"

"तू क्लिप नीट लावलीस ना?"

"लावलीय."

"मग दुसरी गोळी थोडे दिवस थांबवू. मी रोज येऊन बघतो." मग जरा थांबून, "पण याला मी पोटाची गोळी दिली होती. डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात वर आहे. ती बंद कुणी केली?"

"म्हणतोय, मी केली."

"तू?"

"तेच शोधून काढते आता," मी म्हटलं.

फार शोधावं लागलं नाही. आयसीयूच्या बाहेर प्रज्ञा उभी होती. तिने फोन माझ्यापुढे धरला.

स्क्रीनवर मी होते. निळी साडी, हातात माईक. डोक्यावर लाल अक्षरं: "तुमची ॲसिडिटीची गोळी पोटात ट्यूमर तर करत नाहीये ना?" मी बोलत होते, "या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, तर जठराच्या आतल्या अस्तरावर गाठी येऊ शकतात." इथे माझं बोलणं संपलं. धडधड धडधड असं म्युझिक सुरू झालं. मग आमच्या हॉस्पिटलची इमारत, आणि शेवटी, "आजच बुक करा एंडोस्कोपी पॅकेज."

"पप्पांना त्यांच्या वॉकिंग ग्रुपमध्ये कुणीतरी पाठवली," प्रज्ञा म्हणाली. "ज्या हॉस्पिटलने स्टेंट टाकला, त्याच हॉस्पिटलच्या डॉक्टर सांगतायत म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी गोळी बंद केली. मी म्हटलेलं, एकदा विचारून घेऊ. तर म्हणाले, अगं, विचारायचं काय त्यात, व्हिडिओ त्यांचाच आहे. डॉक्टर, तुम्ही असं कसं बोललात?"

तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. ते वाक्य माझंच होतं. फक्त अर्धं.

ते भाषण मला नीट आठवत होतं. डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेलं. हॉस्पिटलने सोबत कॅमेरा घेऊन एक माणूस पाठवला होता. भाषणं रेकॉर्ड करून ठेवतो म्हणाले होते. माझं पूर्ण वाक्य असं होतं: "या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, तर जठराच्या आतल्या अस्तरावर गाठी येऊ शकतात, पण त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी तर ही गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही." समोर बसलेल्यांत निम्म्या लोकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, हे मला माहीत असतं. म्हणून मी ते दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळचं कापलं होतं.

आता खरं काय ते सांगते. कारण ही रील आजही कुठे ना कुठे फिरते आहे, आणि तुमच्याही घरात ही गोळी असण्याची दाट शक्यता आहे.

जठर ॲसिड तयार करतं. ते कमी पडलं की शरीर एक हार्मोन वाढवतं. त्याचं काम एवढंच, "ॲसिड बनवा, ॲसिड बनवा" म्हणून पेशींच्या मागे लागायचं. गोळीने ॲसिडच्या पंपाला कुलूप लावलेलं. पण हार्मोनला ते कुठे कळतं? तो मागेच लागतो. वर्षानुवर्षं असं चाललं की अस्तरातल्या काही पेशी वाढतात. काहींच्या जठरात छोटे छोटे पॉलिप, म्हणजे मऊ कोंब येतात. ते बहुतेक वेळा कुणाचं काही बिघडवत नाहीत. याच हार्मोनमुळे एका वेगळ्या जातीचे ट्यूमर होऊ शकतात. उंदरांमध्ये ते दिसले, म्हणून ही शंका पहिल्यापासून आहे. माणसांत ते अगदी क्वचित सापडतात. राहिला जठराचा कॅन्सर. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत तो थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास म्हणतात. काही तसं म्हणत नाहीत. गोळीमुळेच होतो, हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांच्या जठरात एका विशिष्ट जातीचे जंतू असतात त्यांना धोका जास्त, आणि ते जंतू औषधाने मारता येतात.

म्हणजे धोका शून्य नाही आणि घबराट उडावी एवढाही नाही. गोळीची गरज असेल तर घ्यावी. गरज संपली की डॉक्टरांना विचारून थांबवावी. साधी गोष्ट आहे. पण तिच्यावर म्युझिक बसत नाही.

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर मार्केटिंगमध्ये गेले. तिथला हेड तन्मय. पस्तिशीचा, हसतमुख, सगळ्यांना मॅम आणि सर म्हणणारा.

"मॅम! तुमचीच रील ओपन आहे बघा माझ्याकडे. आपल्या पेजवरची सगळ्यात हिट!"

"तन्मय, ती आत्ताच्या आत्ता काढ."

"का, मॅम? कमेंट्स बघा ना. लोक थँक यू म्हणतायत."

"एक माणूस खाली आयसीयूत आहे. रील बघून त्याने गोळी बंद केली. पोटात रक्तस्राव झाला."

त्याचं हसू गेलं. हे मी त्याच्या बाजूने सांगते. क्षणभर खरंच गेलं. मग तो म्हणाला, "पण मॅम, रीलमध्ये आपण गोळी बंद करा असं कुठेच म्हटलेलं नाहीये. बुक करा म्हटलंय."

"ट्यूमर होईल म्हणून घाबरवल्यावर माणूस दुसरं काय करणार?"

"टेस्ट करणार! तोच तर पर्पज आहे. अवेअरनेस."

"माझं वाक्य मध्येच का कापलं?"

"थर्टी सेकंद्सच्या पुढे लोक थांबत नाहीत, मॅम. आणि तो 'पण' आला ना, की सगळा इम्पॅक्ट जातो."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. "तो 'पण' आला ना, की सगळा इम्पॅक्ट जातो." आमचं अख्खं शास्त्र त्या "पण"वर उभं आहे. औषध द्या, पण किडनी बघून द्या. ऑपरेशन करा, पण शुगर आटोक्यात आणून करा. "पण" काढून टाकला तर उरतो तो बाजार.

रील काढायला वरून परवानगी लागेल, असं तो म्हणाला. लावताना माझी परवानगी लागली नव्हती.

त्याच आठवड्यात माझ्या एंडोस्कोपी रूमबाहेर पॅकेजवाल्यांची रांग लागू लागली. एक चोविशीतली मुलगी आली होती. परीक्षेच्या टेन्शनने जळजळ होत होती म्हणून आठवडाभर गोळी घेतलेली, एवढाच तिचा गुन्हा. रील बघून तिची झोप उडाली होती. वजन नीट, भूक नीट, रक्त नीट. तिला मी समजावून घरी पाठवलं. तिच्यामागे एक काका, ज्यांनी गोळी कधी घेतलीच नव्हती. ऑफर चालू आहे म्हणून मुलाने बुकिंग केलं होतं. त्यांनाही परत पाठवलं. संध्याकाळी हॉस्पिटलचं कामकाज बघणाऱ्या ऑपरेशन्सवाल्यांचा मेसेज: "डॉक्टर, पॅकेजचे पेशंट कॅन्सल का होतायत?" मी उत्तर लिहिलं, "कारण ते पेशंट नाहीत."

इकडे साळवे सुधारत होते. परत रक्त सुटलं नाही. थांबवलेली गोळी हार्टच्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. मी राउंडला गेले की ते उठून बसायचा प्रयत्न करायचे. मी त्यांना सगळं समजावलं होतं, पूर्ण वाक्य ऐकवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मग ते टीव्हीवर जाहिरातीच्या शेवटी भराभरा बोलतात तसं तरी टाकायचं होतं." त्यांचा राग कुणावरच नव्हता. तो मलाच सगळ्यांच्या वाटचा आला होता.

सुलोचनाताई त्यांच्या उशाशी बसून असायच्या. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, मी पण तीच गोळी घेते. मला काही होईल का?"

"तुम्हाला कशासाठी दिली?"

"पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं ना माझं, तेव्हा."

"कधी झालं?"

"प्रज्ञा कॉलेजला होती तेव्हा."

प्रज्ञाचा मुलगा आता शाळेत जातो.

"कधीपर्यंत घ्या म्हणून सांगितलं होतं?"

"तसं कुणी काही बोललंच नाही. संपली की मेडिकलमधून आणते. तो विचारतही नाही, पाकीट दाखवलं की देतो."

"साळवे काकांनी बंद केली तेव्हा तुम्ही नाही केलीत?"

"केलेली की! दोन दिवसांत छातीत इतकी आग झाली की परत सुरू केली. म्हटलं, ट्यूमर नंतरचा नंतर, आजची जळजळ कोण सोसणार?"

यातलं आक्रीत असं. ज्याला गोळीची नितांत गरज होती, त्याने ती बंद केली. जिला बहुधा कित्येक वर्षं गरज नव्हती, ती घेत राहिली. एकाच घरात, एकाच फळीवर दोघांची पाकिटं. आणि याला रील एकटी जबाबदार नाही. सुलोचनाताईंच्या डिस्चार्ज कार्डावर गोळी लिहिणाऱ्याने "इतके दिवस" हे दोन शब्द लिहिले नाहीत. त्यानंतर त्यांनी कितीतरी डॉक्टर पाहिले, शुगरचे, डोळ्यांचे, गुडघ्याचे. एकानेही विचारलं नाही, "ही गोळी का चालू आहे?" आम्ही डॉक्टर औषध सुरू करण्यात पटाईत. थांबवायला कुणीच बसलेलं नाही. मग ती रिकामी जागा तन्मयसारखे भरून काढतात.

सुलोचनाताईंचा चेहरा फिकट वाटला म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. मग एंडोस्कोपी करणं भाग होतं. पॅकेज म्हणून नाही, कारण होतं म्हणून. जठरात छोटे पॉलिप दिसले, दहा-बारा तरी असतील. मोठे दोन काढून तपासायला पाठवले. त्या जंतूंची तपासणीही केली. रिपोर्ट येईपर्यंत बाई माझ्याशी हसून बोलायच्या आणि मी वळले की देवळाच्या पायरीवर बसल्यासारख्या गप्प व्हायच्या. हे प्रज्ञाने मला नंतर सांगितलं.

साळवेंना डिस्चार्ज मिळायच्या आदल्या सकाळी मी राउंडला गेले, तर त्यांच्या रूममध्ये लख्ख उजेड. स्टँडवर मोठा लाइट. कॅमेरा घेऊन एक माणूस. तन्मय खुर्चीवर बसून साळवेंना समजावत होता. साळवेंच्या केसांना पाणी लावून भांग पाडलेला. अंगात घरून मागवलेला इस्त्रीचा शर्ट.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पेशंट स्टोरी, मॅम. 'काळाच्या दारातून परत.' सर फक्त एवढंच सांगणार की रक्ताची उलटी झाली, इथे आणलं आणि आपल्या टीमने कसं वाचवलं. तुमचं पण नाव घेणार आहेत."

मला काय वाटलं ते लिहिता येण्यासारखं नाही.

साळवे मात्र तयार होते. "मॅडम, वाचवलं तर आहेच ना तुम्ही," ते म्हणाले. "दोन शब्द चांगले बोलायला आपलं काय जातंय?" त्यांच्या मनात खरोखरच उपकाराची भावना होती. तीच तर मला सहन होत नव्हती.

प्रज्ञा खिडकीपाशी उभी होती. तिने तन्मयला विचारलं, "पप्पांनी गोळी का बंद केली, ते पण घेणार का यात?"

"ॲक्च्युअली मॅम, ते जरा निगेटिव्ह जातं."

"म्हणजे तुमची रील बघून मरायला टेकले ते नाही दाखवायचं. वाचले ते दाखवायचं."

"तसं नाही, मॅम, स्टोरीचा फोकस..."

"लाइट बंद करा," प्रज्ञा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "अहो, हा माणूस तुमच्यामुळे इथे आला. तुम्ही त्याला घरातून ढकललं आणि आता ॲम्ब्युलन्सचं कौतुक करायला सांगताय? आई, त्यांचा माईक काढ."

सुलोचनाताईंनी उठून नवऱ्याच्या शर्टाचा छोटा माईक काढला आणि तन्मयच्या हातात दिला. साळवे एकदा मुलीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना एकदम सगळं उमगलं असावं. त्यांनी तन्मयला विचारलं, "तो व्हिडिओ अजून चालू आहे?"

तन्मय माईक पिशवीत ठेवू लागला.

"अजून चालू आहे?" ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज चढला. "आमच्या ग्रुपमध्ये चार जणांना स्टेंट आहेत रे!"

कॅमेरावाल्याने स्वतःहून लाइट विझवला.

मी थेट मेडिकल डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. डॉ. करंदीकर. साठीचे, एके काळचे उत्तम सर्जन. एकेकाळी यांच्याकडून मी पुष्कळ शिकलेय.

"बसा," ते म्हणाले. "तन्मयचा फोन येऊन गेला. तुम्ही जरा इमोशनल होताय."

"सर, मी ब्लीडिंग थांबवून आलेय. इमोशनल नाही."

"हे बघा, रीलमध्ये खोटं एक अक्षर नाही. वाक्य तुमचं आहे."

"अर्धं आहे."

"पण खोटं नाही."

"सर, 'ऑपरेशन करताना पेशंट दगावू शकतो' हेही खोटं नाही. एवढंच वाक्य तुमच्या फोटोखाली लिहून दाराबाहेर लावू का?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अशा केबिन्समध्ये येते ती सगळी भाषा आली. स्पर्धा. आजूबाजूला उभी राहणारी नवी हॉस्पिटलं. बेड भरलेले ठेवायचे असतात. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "साळवेंचा प्रकार मी हॉस्पिटलच्या सेफ्टी कमिटीपुढे लेखी मांडतेय. त्यात औषध बंद करण्याचं कारण म्हणून आपली रील असेल. आणि आजपासून ओपीडीत तपासल्याशिवाय पॅकेजचा एकही पेशंट मी टेबलावर घेणार नाही."

"तुम्ही नाही घेतलात तर दुसरं कुणी घेईल."

"घेऊ दे. रीलवर तोंड माझं आहे."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "काढायला सांगतो." साळवेंची तब्येत कशी आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारतील म्हणून मी दारापाशी क्षणभर थांबले होते.

रील त्या संध्याकाळी पेजवरून निघाली, तिच्यासोबत पॅकेजही. माझ्या आग्रहाखातर पूर्ण वाक्याचा व्हिडिओ टाकला गेला. तो माझ्या बहिणीने बघितला, प्रज्ञाने बघितला, आणि आणखी थोड्या लोकांनी. जुनी रील मात्र तोवर कुठल्या कुठे गेली होती. कुणी तिला हिंदी आवाज लावला, कुणी खाली आपल्या चूर्णाची जाहिरात चिकटवली. एकात तर मी स्वतःच ते चूर्ण सुचवते आहे असं वाटतं.

साळवे घरी गेले. पोटाची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत तोपर्यंत चालूच राहील. वॉकिंग ग्रुपमधल्या त्या चार स्टेंटवाल्यांपैकी दोघांनी गोळी बंद केलेली होती. साळवेंनी त्यांच्या घरी जाऊन स्वतःची हकीगत सांगितली आणि गोळ्या परत सुरू करायला लावल्या. एकाच्या मुलाने म्हणे त्यांना विचारलं, "काका, याचा काही व्हिडिओ आहे का?"

सुलोचनाताईंचे पॉलिप निरुपद्रवी निघाले. जंतू नव्हते. वर्षानुवर्षं ॲसिड कमी राहिलं की अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन त्यामुळे उतरलं असावं. त्यांची गोळी मी हळूहळू थांबवली: आधी एक दिवसाआड, मग आणखी कमी. एकदम थांबवली की तो मागे लागलेला हार्मोन आणि वाढलेल्या पेशी मिळून ॲसिडचा लोंढा सोडतात. त्यांना दोन दिवसांत झालेली आग तीच होती. आजार परत आलेला नसतो, कुलूप अचानक निघालेलं असतं. लोक ते आजार समजतात आणि पुन्हा वर्षानुवर्षं गोळी घेतात. या वेळी त्यांनी काही आठवडे कळ काढली. आता बऱ्या आहेत. हिमोग्लोबिन चढतंय.

पॅकेज दोन महिन्यांनी परत आलं. नाव नवं, किंमत तीच, चेहरा दुसऱ्या डॉक्टरचा. कमिटीपुढे मांडलेल्या माझ्या अर्जाचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. मी वर्षअखेरीला ते हॉस्पिटल सोडलं. निरोपसमारंभात करंदीकर सर माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तन्मयने ते शूट केलं.

आता कल्याणमध्ये माझी छोटी ओपीडी आहे. भाषणाला अजूनही जाते. फक्त वाक्यं उलटी बोलते. "रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटाची गोळी मनाने बंद करू नका" हे आधी, आणि गाठींचं नंतर. ऐकायला ते बेंगरूळ वाटतं, मान्य आहे. पण आजकाल डॉक्टरने कसं बोलावं याचा मला कळलेला नियम एवढाच: वाक्य कुणी कुठूनही कापलं, तरी ऐकणारा जिवंत राहिला पाहिजे.